निरोपाचा लेख कोणी लिहिला?

१

मंगळवारी सकाळी आठ वाजता मास्तर बाईंच्या दारात उभे राहिले, तेव्हा त्यांच्या हातात त्या दिवसाचा पेपर होता आणि पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या. घाईत निघाले असतील, असं बाईंना वाटलं. त्यांनी पंखा लावला आणि खुर्ची पुढे केली.

"बाई," मास्तर म्हणाले, "मी आज वाचकांचा निरोप घेतलाय."

"वाचलं मी."

"पण तो लेख मी लिहिलेला नाही."

मास्तर पूर्वी शाळेत शिकवत, म्हणून मास्तर. गेली अठ्ठावीस वर्षं ते गावातल्या पेपरात दर मंगळवारी राजकारणावर लिहीत. पाच नगराध्यक्ष त्यांच्या डोळ्यांदेखत आले आणि गेले. प्रत्येकाने त्यांना एकदा तरी कोर्टात खेचण्याची धमकी दिली होती, आणि प्रत्येकाने खुर्ची गेल्यावर घरी येऊन चहा घेतला होता.

बाई त्याच पेपरात तीस वर्षं मुद्रितशोधक होत्या, म्हणजे छापण्याआधी प्रत्येक ओळ वाचून चुका काढणाऱ्या. दोन वर्षांपूर्वी त्या निवृत्त झाल्या आणि त्यांच्यामागे ती जागाच रद्द झाली. तरी सकाळचा पेपर त्या अजून लाल पेन घेऊनच वाचत. निकाल कोणाला कळवायचा नसे, पण तपासल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

आजच्या निरोपाच्या लेखाला मात्र पेन लागलं नव्हतं. दुसऱ्याला खुर्ची सोडायला सांगणाऱ्याने स्वतःची खुर्चीही वेळेवर सोडावी, असं काहीसं मास्तरांनी लिहिलं होतं, आणि वाचताना बाईंना खरोखर रडू आलं होतं.

"दोनच शक्यता आहेत," मास्तर म्हणाले. वर्गात फळ्यापुढे उभं राहून बोलावं तसा त्यांचा सूर होता. "एक, कोणीतरी माझ्या नावावर लिहिला. तसं असेल तर मी त्याला सोडणार नाही. दुसरी, मीच लिहिला आणि विसरलो. संपादक म्हणतात दुसरी. मला फोनवर म्हणाले, मास्तर, आराम करा. सून तर काही बोलतच नाही. यातलं खरं काय ते तुम्ही शोधा आणि मला सांगा. माझी चूक तुम्ही कधी झाकली नाहीत, म्हणून तुमच्याकडे आलो."

"काल सोमवारी लेख कशावर लिहून दिला होता?"

मास्तर उठले. दारापर्यंत गेले आणि पाठमोरेच थांबले.

"तेवढं विचारू नका. ते मला आठवत नाही."

२

पेपरचं ऑफिस चष्म्याच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर होतं. बाई जिना चढून गेल्या तेव्हा टेबलावर गुच्छांचा ढीग पडला होता आणि फोन खाली ठेवायला फुरसत नव्हती. अंक साडेसातलाच संपला होता. मास्तर लिहीत होते तेव्हा त्यांच्यासाठी कोणी एक फूल आणलं नव्हतं, हे बाईंच्या लक्षात आलं.

संपादक काचेच्या खोलीत बसले होते. चाळिशीचे, चटपटीत, एका वेळी तीन माणसांशी बोलणारे.

"रविवारी सत्कार ठेवलाय," ते म्हणाले. "तुम्हीही दोन शब्द बोला."

"हॉल इतक्या लवकर कसा मिळाला?"

"आपल्या वर्धापनदिनासाठी घेऊन ठेवला होता. त्यातच हेही उरकायचं."

बाई काही बोलल्या नाहीत. माणूस गप्प बसला की समोरचा आपण होऊन बोलतो, हे त्यांना ठाऊक होतं.

"तुम्हाला वाटतंय, मी त्यांना काढलं," संपादक म्हणाले. "बाई, तिकडे बघा जरा."

कोपऱ्यात नवा कोरा कॅमेरा तिकाटण्यावर उभा होता. बाजूला दोन मोठे दिवे होते आणि मागे भिंतीवर निळी पाटी होती. तिच्यावर मास्तरांचा हसरा फोटो होता.

"पुढच्या सोमवारपासून मास्तरांना कॅमेऱ्यासमोर बसवणार होतो. आठवड्याला अर्धा तास, थेट. लोक प्रश्न विचारणार आणि हे उत्तरं देणार. गेल्या गुरुवारी सगळ्यांना बोलावून सांगितलं. आणि यांनी ऐन वेळी निरोप घेतला. माझी किती पंचाईत झाली, मलाच माहीत."

"काल लेख वाचला होता तुम्ही?"

"काल सकाळपासून पुलाच्या उद्घाटनाला होतो. आलो तेव्हा पाच वाजले होते आणि पान छापायला गेलेलं होतं." संपादक टेबलावरून पुढे वाकले आणि आवाज खाली आणला. "स्पष्ट सांगू का? मास्तर मागे एकदा मला माझ्या आधीच्या संपादकाच्या नावाने हाक मारत होते. पूर्ण दहा मिनिटं."

३

उपसंपादकाला ऑफिसात सगळे वारसदार म्हणत, कारण मास्तरांची जागा आज ना उद्या आपल्याला मिळेल या आशेवर तो सहा वर्षं होता. बाईंना बघताच तो उठून उभा राहिला. त्याला शिकवताना त्यांनी त्याचे कान उपटले होते, तेही एकदा खरोखरचे.

"लेख नेहमीसारखाच आला," तो म्हणाला. "मास्तर हाताने लिहितात, त्यांची सून टाइप करून मेल करते. मी अकराला उतरवून घेतला आणि मंगळवारच्या फोल्डरमध्ये टाकला. मेल पुसून टाकला. मेलचा डबा सारखा भरतो ना."

"वाचलास?"

"नाही. मास्तरांच्या लेखाला हात लावायचा नाही, हे तुम्हीच शिकवलंत."

"हात लावू नको म्हटलं होतं. डोळे लावू नको असं नव्हतं म्हटलं."

वारसदार खाली मान घालून हसला. बारा वाजता तो नगरपालिकेच्या सभेला गेला होता आणि सहाला परत आला होता. सकाळी वेबसाइटवर लेख चढवला, तोही फोल्डरमधूनच.

"आता जागा तुझीच," बाई म्हणाल्या.

"मला ती हवी होती, खोटं कशाला बोलू. पण अशी नको होती. असा निरोप वाचल्यावर पुढच्या मंगळवारी माझं कोण वाचणार?" त्याचा चेहरा खरंच पडला होता.

फोल्डर ज्या संगणकावर होता त्याचं घड्याळ चार वर्षांपूर्वी बिघडलं होतं आणि दुरुस्त करायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं. त्यामुळे त्यातली प्रत्येक फाईल एकाच दिवशी, एकाच मिनिटाला जन्मलेली दिसे. म्हणजे मूळ लेख काढून दुसरा कधी ठेवला, ते तिथून कळणार नव्हतं. ठेवला असेल तर.

बाईंनी फाईल उघडली. शेजारी छापलेलं पान पसरलं. एक बोट पडद्यावर, एक बोट कागदावर, अशी ओळीमागून ओळ त्यांनी तीस वर्षांच्या सवयीने ताडून पाहिली. शेवटच्या पूर्णविरामापर्यंत पोचल्या आणि चष्मा काढून पुसत बसल्या.

"चूक सापडली का?" वारसदाराने विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "एकही ओळ कापलेली नाही. मास्तरांच्या बाबतीत हे अठ्ठावीस वर्षांत कधी झालं नव्हतं."

४

मास्तरांना मोजून लिहिता येत नसे. जागा कितीही द्या, लेख दहा-बारा ओळी जास्तच असायचा. मग सोमवारी दुपारी पानं लावणारे अण्णा हाक मारत आणि बाई त्यांच्या शेजारी उभ्या राहून कुठल्या ओळी काढायच्या ते सांगत. बाई निवृत्त झाल्यापासून अण्णा एकटेच कापत. वाचकांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना वाटे, मास्तर कसं नेमकं लिहितात.

आणि हा लेख जागेत असा चपखल बसला होता, की शेवटची ओळसुद्धा चौकटीच्या कडेला जाऊन संपत होती.

बाईंचं लक्ष आता लेखाखाली गेलं. तिथे गाद्यांच्या दुकानाची जाहिरात होती, चार बोटं उंच. एरवी त्या जागी जाहिरात नसे. त्या जाहिरातींच्या टेबलाशी गेल्या.

"ही कधी आली?"

"काल दीडला," तिथली मुलगी म्हणाली. "मालक स्वतःच आले. दुसऱ्या पानांवर जागा उरली नव्हती, म्हणून मास्तरांच्या लेखातली चार बोटं काढून दिली."

बाई जिन्यातल्या बाकावर येऊन बसल्या. लेख आला अकराला. जागा कमी झाली दीडला. अकराला लिहून आलेला लेख दीडनंतरच्या जागेत एकही शब्द न कापता बसतो कसा? कोणी कापून बसवला असता, तर फाईल लांब आणि छापलेला लेख आखूड असता. दोन्ही सारखे होते. म्हणजे लेख दीडनंतर लिहिला गेला होता आणि लिहिणाऱ्याला पानावर जागा किती उरलीय ते माहीत होतं. दीड वाजता संपादक पुलावर होते, वारसदार सभेत होता आणि सून घरी होती. मास्तरही घरी होते.

उरला तो एकच माणूस. पण बाई लगेच उठल्या नाहीत. सापडलेल्या चुकीच्या अलीकडे-पलीकडे अजून एखादी असते, हा त्यांचा अनुभव होता.

परत आत जाऊन त्यांनी गेल्या मंगळवारची फाईल काढली आणि तो जुना अंकही. ताडून पाहिलं. तंतोतंत. त्याच्या आधीचा आठवडा पाहिला, तोही तंतोतंत. दुपारचे दोन वाजले तरी त्या मागे मागेच जात होत्या. बत्तिसावी फाईल मात्र छापलेल्या लेखापेक्षा बारा ओळींनी लांब निघाली.

प्रश्न एका लेखाचा नव्हताच.

५

मास्तर आतल्या खोलीत झोपले होते. सुनेने बाईंना स्वयंपाकघरात बसवलं आणि दार लोटून घेतलं.

"काकू, मी काहीही बदललेलं नाही. बाबा जे लिहितात तेच टाइप करते. काना-मात्रासुद्धा तोच."

"मला ते माहीत आहे. कागद कुठे आहेत?"

सुनेने धान्याच्या कोठीमागून प्लास्टिकची पिशवी काढली. आत मास्तरांच्या ठसठशीत अक्षरातले कागद होते, आठवड्यागणिक टाचणी लावलेले.

सर्वांत वर कालचा लेख होता. नगराध्यक्षांवर उद्या येणाऱ्या अविश्वासाच्या ठरावाबद्दल. भाषा ठाशीव होती, मुद्दे रोखठोक होते, एका ठिकाणी तर फार सुंदर चिमटा काढलेला होता. फक्त तो ठराव येऊन एकोणीस वर्षं झाली होती आणि त्या नगराध्यक्षांना जाऊन अकरा.

बाईंनी त्याखालचा लेख काढला. तोच होता. त्याखालचा काढला. एखादा शब्द इकडचा तिकडे, बाकी तोच.

"दर सोमवारी नऊला बसतात," सून म्हणाली. "साडेदहापर्यंत कोणी बोललेलं चालत नाही. एकेका शब्दासाठी अडतात, खोडतात, परत लिहितात. मला कसं सांगायला होणार होतं, की बाबा, हा गेल्या आठवड्यात झाला?"

"आणि छापून वेगळंच यायचं, ते बघून काय वाटलं तुला?"

"पहिल्या मंगळवारी घाबरले. दुसऱ्या मंगळवारी बरं वाटलं. पुढे दर मंगळवारी पेपर उघडून आधी तेच बघायचे आणि मगच चहा टाकायचे."

"कोण करतंय, विचारलं नाहीस?"

"विचारलं असतं तर थांबलं असतं," ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसले.

६

अण्णा आपल्या कोपऱ्यात उद्याचं पान लावत होते. बाईंनी शेजारचं स्टूल ओढलं आणि पूर्वी उभ्या राहत तिथे बसल्या.

"एकतीस," त्या म्हणाल्या.

अण्णांनी माउसवरचा हात काढला. "निरोप धरून एकतीस. बरोबर."

"कधी लक्षात आलं?"

"तुम्ही गेलात, मग कापायला मी एकटाच. एकदा कापायला घेतला तर वाटलं, ह्याच ओळी मी कधीतरी कापल्यात. जुने अंक काढून बघितले. तोच लेख, एकोणीस वर्षांपूर्वीचा. छापला असता तर दुसऱ्या दिवशी गावभर हसं झालं असतं. पान जायला दीड तास होता. त्या आठवड्यात पाण्याच्या टाकीचं प्रकरण गाजत होतं. लिहिलं. वाटलं, एवढाच आठवडा."

"तुम्हाला त्यांच्यासारखं लिहिता कसं आलं?"

"बावीस वर्षं त्यांना कापतोय, बाई. कापताना कळतं, माणूस कुठे बोलतोय आणि कुठे नुसता दम खातोय." अण्णा थोडे लाजले. "आणि ऑफिसात कोण वाचतं? फाईल बदलली की वेबसाइटलाही तेच जातं."

"मग निरोप कशाला?"

अण्णांनी काचेच्या खोलीकडे बोट केलं. काचेतून कॅमेरा दिसत होता.

"कागदावर त्यांच्या जागी मी उभा राहिलो. तिथे कसा राहणार? पहिल्याच प्रश्नाला सगळ्या गावासमोर... नको. त्यापेक्षा मानाने घरी गेलेले बरे. गुरुवारपासून मनात घोळत होतं, काल लिहिलं." ते बाईंकडे वळले. "तुम्ही ओळखलंत कशावरून?"

"सगळे लेख जागेत बसले."

अण्णांनी पडद्यावरच्या रिकाम्या चौकटीवर बोट ठेवलं. "खरंय. जागेपेक्षा मोठं लिहायला माझा हातच जात नाही." मग म्हणाले, "संपादकांना सांगा. नोकरी जाईल, त्याचं काही नाही. पण मास्तरांना सांगू नका."

"विचारलंय त्यांनी, अण्णा. माझ्या घरी येऊन विचारलंय."

७

पाच वाजता मास्तर गॅलरीत बसलेले होते. बाईंनी सगळं सांगितलं, क्रमाने, काही न वगळता. जाहिरात, फाईल, पिशवीतले कागद, अण्णा. मास्तरांनी मध्ये दोनदा थांबवून नेमके प्रश्न विचारले. ते प्रश्न ऐकून बाईंना क्षणभर वाटलं, आपलंच कुठेतरी चुकत असेल.

"एकतीस?"

"एकतीस."

"पाण्याच्या टाकीवरचा?"

"तोही."

मास्तरांनी खुर्ची रस्त्याकडे वळवली.

"तो मी तीन वेळा वाचला होता," ते म्हणाले. "वाटलं, अजून हात शाबूत आहे."

मग त्यांनी बाईंकडे मान फिरवली.

"कोणाला संशय आला? वाचकांपैकी?"

"नाही."

"तुम्हाला?"

"मलाही नाही. पेन घेऊन वाचत होते दर मंगळवारी, तरी नाही." हे सांगताना बाईंना स्वतःचा राग आला.

"म्हणजे अण्णा बरा लिहितो." मास्तर हसायला गेले, पण हसू पुरतं आलं नाही. "संपादकांना सांगा, निरोप मास्तरांचाच आहे, मास्तर कबूल आहेत. अण्णाच्या नोकरीला धक्का लागता कामा नये. आणि एक वचन द्या."

"कसलं?"

"मी परत विचारेन. परवा, नाहीतर उद्याच. आज कळलं मला, समजलं, लागलंही. पण ते डोक्यात राहील याचा भरवसा नाही. हे दर वेळी पहिल्यांदा ऐकायचं म्हणजे मला झेपणार नाही, बाई. पुढच्या वेळी विचारलं की सांगा, तुम्हीच लिहिला."

"मग तुम्हाला वाटेल, विसरलात."

"एक लेख विसरलेला म्हातारा मला चालेल. एकतीस लेख दुसऱ्याने लिहून दिलेला नको."

समोर चूक दिसत असताना ती तशीच जाऊ द्यायची, हे बाईंनी आयुष्यात केलं नव्हतं. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर वाट बघत होते.

"बरं," त्या म्हणाल्या.

शुक्रवारी सकाळी फोन वाजला.

"बाई, मंगळवारचा पेपर आत्ता माझ्या हाताला लागला. मी वाचकांचा निरोप घेतलाय. पण हा लेख लिहिल्याचं मला काही केल्या आठवत नाही. तुम्हाला काय वाटतं, कोणी लिहिला असेल?"

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुम्हीच लिहिलात, मास्तर."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मास्तर लेख पुन्हा वाचत असावेत.

"चांगला उतरलाय," अखेर ते म्हणाले.

"फार चांगला उतरलाय."

"मग ठीक आहे." त्यांच्या आवाजातली धाकधूक गेली होती. जरा वेळाने त्यांनी विचारलं, "पण बाई, आता सोमवारी सकाळी नऊ वाजता मी काय करायचं?"

बाईंनी समोरच्या पेपरावरचं लाल पेन उचललं.

"कागद घेऊन माझ्याकडे या," त्या म्हणाल्या. "तुम्ही लिहा, मी वाचते."